मंदीचे दोन तालुके

२० सप्टेंबर २०१९ रोजी केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी पणजीत कंपनी करातली मोठी कपात जाहीर केली. मूळ दर ३० टक्क्यांवरून २२ वर आला, नव्या उत्पादक कंपन्यांसाठी १५ वर. वस्तू व सेवा कर परिषदेची बैठक त्या दिवशी गोव्यातच होती. त्या बैठकीत हॉटेलांच्या खोल्यांवरचा करही उतरवला गेला: रात्रीला साडेसात हजारांहून महाग खोलीवर २८ ऐवजी १८ टक्के, त्याखालच्या खोलीवर १८ ऐवजी १२. देशाच्या वाढीचा वेग घसरत चालला होता. रिझर्व्ह बँक फेब्रुवारीपासून रेपो दर खाली आणत होती आणि सरकारलाही काही करून दाखवणे भाग होते. शेअर बाजार त्या दिवशी उसळला.

पणजीहून तासाभरात पोचता येणाऱ्या डिचोली तालुक्यात तेव्हा खनिज वाहतूक बंद होऊन दीड वर्ष लोटले होते. ज्याचा धंदाच बंद आहे त्याला नफा नाही, नफा नाही म्हणून कर नाही आणि कर नाही म्हणून करकपातीचा लाभही नाही. स्वस्त कर्जाचेही तसेच. ट्रकचे जुने हप्ते थकलेल्या माणसाला बँक नवे कर्ज कमी व्याजानेही देत नाही. उत्तरेला पेडणे तालुक्याच्या किनाऱ्यावर हॉटेलवाल्यांना खोल्यांवरची करकपात हवी होती, पण तीनच दिवसांनी, २३ सप्टेंबरला, गोव्यात ब्रिटिश पर्यटक आणणारी थॉमस कुक ही लंडनची कंपनी बुडाली आणि तिची त्या हंगामातली विमाने रद्द झाली.

मंदी आणि सरकारी धोरण यांची चर्चा करताना आपण अख्खा देश हे एकच कुटुंब धरतो. कुटुंबातल्या प्रत्येकाचा आजार मात्र वेगळा असतो. म्हणून हा प्रश्न डिचोली आणि पेडणे या दोन तालुक्यांच्या बाजूने तपासून पाहावासा वाटतो. दोन्ही नव्या काबिजादीतले, अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगिजांच्या हाती गेलेले, त्यामुळे जुन्या काबिजादीपेक्षा मराठीशी अधिक जवळचे. एकाचे पोट खाणीवर, दुसऱ्याचे शेती-बागायतीवर आणि अलीकडे किनाऱ्यावर. गेल्या वीस वर्षांचा त्यांचा हिशेब मांडला की एक गोष्ट ठळक दिसते: इथल्या दोन्ही मोठ्या तेजी दुसऱ्या कुठल्या तरी मंदीवर दिलेल्या औषधातून आल्या. डिचोलीतली चीनच्या, पेडण्यातली आपल्याच रिझर्व्ह बँकेच्या. त्या तेजीचा पैसा कोणी कसा वापरला, यावर पुढची पडझड किती खोल जाणार हे ठरले.

आधी मंदीबद्दल थोडे. सलग दोन तिमाहींत उत्पादन घटले की मंदी, ही झटपट व्याख्या वर्तमानपत्रांना सोयीची आहे. स्वतंत्र भारतात वर्षाच्या हिशेबाने अर्थव्यवस्था आकसल्याचे प्रसंग मोजकेच: १९५७-५८, १९६५-६६, १९७२-७३, १९७९-८० आणि २०२०-२१. पहिल्या चारांमागे प्रामुख्याने दुष्काळ होता, १९७९-८० मध्ये त्यात तेलाच्या भडक्याची भर पडली. पाचव्यामागे महासाथ आणि टाळेबंदी. म्हणजे ज्या मंदीसाठी केन्सने १९३६ मध्ये आपला सिद्धांत मांडला, लोकांनी खर्च आवरला म्हणून कारखाने थांबले अशी मागणीची मंदी, ती शुद्ध स्वरूपात आपल्याकडे क्वचितच आली. आपल्याकडे बहुधा पुरवठा तुटला: पाऊस आला नाही, तेल महागले, किंवा सरकारने आणि न्यायालयाने काम थांबवले. व्याजदर कापणे आणि कर घटवणे ही मागणी वाढवण्याची साधने आहेत. पुरवठा तुटला असेल तर ती फार तर वेदना कमी करतात. हा फरक डिचोलीने अंगावर झेलला.

गोव्याच्या खाणी १९०६ च्या पोर्तुगीज कायद्याखाली दिलेल्या कायमच्या सवलतींतून आल्या. खरी निर्यात सुरू झाली ती दुसऱ्या महायुद्धानंतर, जपानचे पोलाद कारखाने पुन्हा उभे राहत होते तेव्हा. १९५० च्या दशकात भारताने गोव्याची आर्थिक कोंडी केली, आणि त्याच काळात खनिजाच्या परकीय चलनावर पोर्तुगीज गोव्यात विलायती माल मुबलक येत राहिला. कोंडीचे धोरण एका बाजूने आवळावे आणि दुसरा बाजार दुसऱ्या बाजूने सैल करावा, असे त्या दशकातही घडले. मुक्तीनंतरही गिऱ्हाईक मुख्यतः जपानच राहिले. दर वर्षातून एकदा वाटाघाटीने ठरायचा. त्यामुळे १९७० च्या दशकातले तेलसंकट असो वा १९९० नंतरची जपानची दीर्घ मरगळ, धक्का मंदगतीने आणि वर्षभर आधी अंदाज देऊन यायचा. धंदा फार फुगत नव्हता आणि एकदम कोसळतही नव्हता.

२००० नंतर चीन बाजारात उतरला आणि सगळे बदलले. तो वार्षिक कराराबाहेर, त्या दिवसाच्या दराने माल उचलू लागला. गोव्याची खनिजमाती हलक्या प्रतीची. भारतातल्या पोलाद कारखान्यांना ती नको असे, कारण त्यांना ओडिशा-कर्नाटकातला कसदार दगड मिळत होता. चीनने ती घेतली, आणि पुढे तर पूर्वी टाकाऊ म्हणून रचून ठेवलेले डंपही विकले जाऊ लागले. ज्या ढिगाऱ्यांमधून पावसाळ्यात माती शेतात उतरते म्हणून गावे दशकानुदशके तक्रार करत होती, त्या ढिगाऱ्यांना रातोरात किंमत आली.

मग आले २००८. १५ सप्टेंबरला लेहमन ब्रदर्स बुडाली. मालवाहू जहाजांच्या भाड्याचा बाल्टिक निर्देशांक मे महिन्यात ११ हजारांच्या पुढे होता, तो डिसेंबरात ७०० च्या खाली आला. लोहखनिजाचा दर काही महिन्यांत निम्म्याहून खाली गेला. मांडवी नदीतल्या बार्जी थबकल्या, बंदरावर माल साचला. त्या हिवाळ्यात डिचोलीत जागतिक मंदी खऱ्या अर्थाने पोचली होती. दिल्लीने डिसेंबर ते फेब्रुवारीत तीन टप्प्यांत करसवलती आणि खर्चवाढ जाहीर केली. रिझर्व्ह बँकेने रेपो दर ९ टक्क्यांवरून ४.७५ वर आणला. देशाला त्याने सावरले, यात शंका नाही. पण डिचोलीला सावरले ते बीजिंगने. नोव्हेंबर २००८ मध्ये चीन सरकारने चार लाख कोटी युआनचा खर्चाचा कार्यक्रम जाहीर केला: रेल्वे, पूल, घरे. त्या सगळ्याला पोलाद लागले आणि पोलादाला खनिज. २००९ च्या जूनमध्ये सेसा गोवा कंपनीने धेंपो घराण्याचा खाण व्यवसाय १,७५० कोटींना घेतला तो याच उभारीच्या विश्वासावर. २०१०-११ मध्ये गोव्याच्या बंदरांतून पाच कोटी टनांहून अधिक खनिज गेले. त्यात शेजारच्या कर्नाटकातलाही माल होता. २०११ च्या सुरुवातीला टनामागे दर १८० डॉलरच्या वर होता.

या तेजीचा पैसा गावात कसा उतरला हे पाहण्यासारखे आहे, कारण पुढचे सगळे दुःख त्या रचनेत दडले होते. खाणमालक मोजके. पण माल खाणीतून जेटीपर्यंत न्यायचा तो गावच्या ट्रकांनी, आणि प्रत्येक ट्रकमागे बँकेचे किंवा पतसंस्थेचे कर्ज. फेऱ्या जितक्या तितका पैसा. शेतात पाणी शिरले, माती साचली, विहीर आटली, म्हणून शेती सुटली आणि ट्रक घेतला, असे एकाच घरात घडले. शिरगावात खाणीचे खड्डे भूजलाच्या पातळीखाली गेले आणि झरे आटले. पिढ्यान् पिढ्या पिकणारी जमीन पडीक झाली. ट्रकांबरोबर गॅरेज आली, टायरची दुकाने आली, चहाच्या गाड्या आल्या, मशीनमालक आणि बार्जमालक झाले. तालुक्याची सगळी बचत एकाच मालाच्या वाहतुकीत गुंतली, आणि त्या मालाला एकच देश गिऱ्हाईक.

आणि सरकार? रॉयल्टी ऑगस्ट २००९ पर्यंत टनामागे ठरलेल्या रुपयांत होती. दर आकाशाला भिडला तरी राज्याला टनामागे तेवढेच. त्या वर्षी ती किमतीच्या १० टक्के झाली, तेव्हा तेजीची अनेक वर्षे निघून गेली होती. केंद्राने निर्यात शुल्क वाढवत ३० डिसेंबर २०११ ला ३० टक्क्यांवर नेले. हे शुल्क देशातल्या पोलाद कारखान्यांना स्वस्त खनिज मिळावे म्हणून होते. ज्या मालाला देशात गिऱ्हाईकच नव्हते त्या गोव्याच्या मालालाही ते लागले. भूगर्भातले खनिज ही पुढच्या पिढ्यांची ठेव आहे, ते काढून विकले तर मुद्दल मोडते, हा विचार त्या काळात धोरण आखणाऱ्या कोणीही गंभीरपणे केला नाही. मला ही चूक पुढच्या खाणबंदीपेक्षा मोठी वाटते.

बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या न्या. एम. बी. शहा आयोगाचा गोव्यावरचा अहवाल ७ सप्टेंबर २०१२ ला संसदेत आला. बेकायदा उत्खननाने सुमारे ३५ हजार कोटींचे नुकसान झाल्याचा त्याचा अंदाज होता. आकड्याबद्दल वाद झाला, होत राहील. तीन दिवसांनी राज्य सरकारने खाणी थांबवल्या, आठवड्याच्या आत केंद्राने पर्यावरण दाखले स्थगित केले आणि ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने उत्खनन व वाहतूक दोन्हींवर बंदी घातली. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये मनोहर पर्रीकर यांचे सरकार आले होते आणि त्याने पेट्रोलवरचा मूल्यवर्धित कर जवळजवळ शून्यावर आणला होता. पेट्रोल लिटरमागे सुमारे ११ रुपयांनी उतरले. गृहिणींसाठी गृह आधार योजनाही त्याच सरकारची. हे निर्णय तेजीतल्या तिजोरीकडे पाहून घेतलेले होते. सहा महिन्यांत ती तिजोरी बदलली. पुढे पेट्रोलवरचा कर टप्प्याटप्प्याने परत आला.

गोव्याचे सकल उत्पादन चालू किमतींनी २०११-१२ मध्ये सुमारे ४२ हजार कोटी होते. पुढच्या वर्षी ते ३८ हजारांवर आले, त्यापुढच्या वर्षी ३६ हजारांच्या आसपास. त्या वर्षांत देशाची अर्थव्यवस्था मात्र पाच-सहा टक्क्यांनी वाढत होती. राष्ट्रीय आकड्यात गोव्याची ही घसरण कुठेच दिसत नाही, कारण देशाच्या मानाने गोवा फार लहान. दिल्लीच्या दृष्टीने मंदी नव्हतीच, म्हणून मंदीविरोधी धोरणही नव्हते. उलट महागाई जास्त म्हणून २०१३ च्या उत्तरार्धात रिझर्व्ह बँक व्याजदर वाढवत होती. डिचोलीतला ट्रकमालक थकलेल्या हप्त्यांनिशी त्या वाढत्या व्याजाच्या काळातून गेला. एकच चलन, एकच व्याजदर असलेल्या मोठ्या देशात लहान प्रदेशाची मंदी अशी पोरकी राहते. युरोपात ग्रीसचे जे झाले त्याचे छोटे रूप.

राज्याच्या हातातली साधने तोकडी. राज्याची कर्जमर्यादा त्याच्या सकल उत्पादनाच्या टक्केवारीत ठरते. उत्पादन आकसले की कर्ज काढायची मुभाही आकसते, म्हणजे गरज सर्वांत जास्त तेव्हा ऐपत सर्वांत कमी. तरी राज्याने काही केले. खाण अवलंबितांसाठी मदत दिली, २०१४ मध्ये कर्जदारांसाठी तडजोडीची योजना आणली, तिच्यातला काही भार तिजोरीने उचलला. या योजनांनी बँकांची बुडीत खाती बरीचशी मोकळी झाली. घरे वाचली का, हे गावागणिक वेगळे आहे. ज्याच्या घरात एखादी सरकारी नोकरी होती तो तरला. या काळात खरा आधार दिला तो दोन जुन्या-नव्या योजनांनी: २००२ पासूनची दयानंद सामाजिक सुरक्षा योजना आणि गृह आधार. दरमहा ठरलेली रक्कम, ट्रक असो वा नसो. अर्थशास्त्रात ज्यांना आपोआप काम करणारे आधार म्हणतात ते हेच, आणि मंदीत नव्याने जाहीर केलेल्या कुठल्याही योजनेपेक्षा ते लवकर पोचले.

२१ एप्रिल २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की गोव्यातले सगळे खाणपट्टे २२ नोव्हेंबर २००७ लाच संपले होते. त्यानंतरचे सगळे उत्खनन पट्ट्याविना झाले. वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली गेली आणि विक्रीच्या १० टक्के रक्कम कायमस्वरूपी निधीत ठेवायचा आदेश झाला. गोवा फाउंडेशन या पर्यावरण संस्थेने लावून धरलेल्या या खटल्यातली ही तरतूद मला त्या सगळ्या प्रकरणातली सर्वांत मोलाची वाटते. पण राज्य सरकारने लिलावाऐवजी ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण केले, त्यांतले बरेचसे १२ जानेवारी २०१५ च्या केंद्रीय अध्यादेशाच्या तोंडावर. खाणी २०१५ च्या अखेरीस पुन्हा हलू लागल्या तोवर चीनची भूक मंदावली होती आणि टनाचा दर ४० डॉलरच्या आसपास पडला होता. कायद्याने दार उघडले तेव्हा बाजारात उठाव नव्हता. निर्यात शुल्क हलक्या मालासाठी २०१६ च्या अर्थसंकल्पात काढले गेले, त्याने थोडा श्वास मिळाला. ७ फेब्रुवारी २०१८ ला न्यायालयाने ते ८८ पट्टेही रद्द केले आणि १६ मार्चपासून खाणी पुन्हा थांबल्या.

न्यायालयाने रोजगार हिरावला, असे डिचोलीत अजूनही कळवळून बोलले जाते. त्या कळवळ्यामागचे हाल खरे आहेत. पण २००७ नंतर लिलाव करून, कायदेशीर पट्टे देऊन, मर्यादेत उत्खनन चालवायला सरकारांना कोणी अडवले नव्हते. पहिला लिलाव व्हायला डिसेंबर २०२२ उजाडले. डिचोलीचा पहिला गट वेदांताकडे गेला, शिरगाव-मये गट साळगावकर शिपिंगकडे. बोली खनिजाच्या सरकारी किमतीच्या टक्केवारीत होती. डिचोली गटाला ६३ टक्क्यांहून जास्त आली, काही गटांना त्याहून कितीतरी अधिक. हा आकडा नीट वाचला पाहिजे. वर्षानुवर्षे जो माल रुपयांतल्या रॉयल्टीवर जात होता, त्याच्या किमतीचा निम्म्याहून मोठा वाटा द्यायला कंपन्या तयार होत्या. त्याच २०२२ साली आणखी एक झटका बसला होता. महागाई आवरण्यासाठी केंद्राने मे महिन्यात लोहखनिजावर थेट ५० टक्के निर्यात शुल्क लावले आणि नोव्हेंबरात हलक्या मालावरून ते काढून घेतले. सहा महिन्यांत असे उलटसुलट होणारे धोरण पोलाद कंपनीचा मोठा ताळेबंद पचवतो, दोन ट्रकांचा मालक पचवू शकत नाही. २०२४ मध्ये डिचोलीची खाण नव्या पट्ट्याखाली सुरू झाली, तेव्हा पिळगावात शेतातून जाणाऱ्या वाहतुकीवरून आणि रोजगाराच्या प्रश्नावरून लोकांनी विरोध केला. खाण परत आली, पण पूर्वीसारखा गावाचा ट्रक आणि गावाचा पैसा परत येईल, याची खात्री कोणाला राहिलेली नाही.

पेडण्याची गोष्ट वेगळ्या वळणाने जाते. हरमलची मिरची, काजू, नारळ, भात, आणि मुंबईहून येणारी मनिऑर्डर, असा हा तालुका. किनाऱ्यावर मोरजी, आश्वे, मांद्रे, हरमल, केरी इथे पर्यटन शेजारच्या बार्देश तालुक्यापेक्षा उशिरा आणि हळू आले. घरातल्या दोन खोल्या भाड्याने, किनाऱ्यावर शॅक, दारात भाड्याच्या दुचाक्या. मोरजीत रशियनांची एवढी गर्दी की पाट्या रशियन लिपीत. २०१४ मध्ये तेलाचे दर कोसळले, क्रिमियावरून निर्बंध लागले आणि वर्षाच्या मध्यापासून डिसेंबरपर्यंत रुबलची डॉलरमधली किंमत जवळपास निम्म्यावर आली. तो हंगाम मोरजीचा गेला. रशियाची मंदी मोरजीला अशी थेट पोचली, मधे दिल्ली नव्हतीच. २०२२ च्या युक्रेन युद्धानंतर रशियाची विमाने थांबली तेव्हा तोच धडा पुन्हा आला.

८ नोव्हेंबर २०१६ ला मोठ्या नोटा रद्द झाल्या. पाचच दिवसांनी, १३ नोव्हेंबरला, पंतप्रधान नरेंद्र मोदी मोपा विमानतळाच्या पायाभरणीसाठी गोव्यात आले होते, आणि देशाकडे ५० दिवस मागणारे भाषण त्यांनी त्याच कार्यक्रमात केले. नोव्हेंबर म्हणजे हंगामाची सुरुवात. विदेशी पाहुण्यांना आठवड्याला ५ हजार रुपयांच्याच नोटा बदलून मिळत होत्या. शॅक, मासळी, दुचाकी, खोली हे सगळे व्यवहार रोखीतले. त्या हंगामात जे गेले ते मोजण्याची कुठलीही यंत्रणा नव्हती, कारण हा धंदा आकडेवारीत नीट धरलेलाच नाही. सकल उत्पादनाचे अंदाज संघटित क्षेत्राच्या आकड्यांवरून असंघटितांचा कयास बांधतात. म्हणून नोटाबंदीच्या वर्षी देशाची वाढ कागदावर आठ टक्क्यांच्या पुढे दिसते. हा आकडा मी हरमलच्या अनुभवाशी जुळवू शकत नाही.

कोविडने हा दोष उघडा पाडला. गोव्यात २०१९ मध्ये सुमारे ८० लाख पर्यटक आले होते, २०२० मध्ये ३० लाखांच्या आत. महाराष्ट्राकडची पत्रादेवीची सीमा बंद झाली आणि सिंधुदुर्गातून रोज कामाला येणारी मुले पलीकडे अडकली. दोडामार्ग, बांदा, सावंतवाडी या भागाचा पगार गोव्यातून येतो, हे एरवी कोणाच्या लक्षात येत नाही. रिझर्व्ह बँकेने हप्त्यांना सहा महिन्यांची मुदत दिली, केंद्राने लहान उद्योगांसाठी तीन लाख कोटींची हमी कर्जयोजना आणली, जून २०२१ मध्ये पर्यटन व्यावसायिकांना १० लाखांपर्यंत आणि मार्गदर्शकांना एक लाखापर्यंत हमीचे कर्ज जाहीर केले. धंद्यांसाठीची ही सगळी मदत कर्जाच्या रूपात, आणि कर्ज मिळणार नोंद असलेल्याला. ज्याच्या घरात नोंदणीविना दोन खोल्या होत्या, ज्याच्या नावावर ट्रेड लायसन्स नव्हते, त्याच्यापर्यंत ती पोचणे कठीणच होते. रोजगार हमी इथे फारशी चालत नाही, तिची मजुरी गोव्याच्या बाजारातल्या मजुरीच्या मानाने अपुरी. याउलट अमेरिकेने त्याच काळात घराघरांत थेट धनादेश पाठवले. आपल्याला ते संपूर्ण देशभर परवडले नसते असे म्हणता येईल. पण मोफत धान्य जसे शिधापत्रिकेवर पोचले, तशी पर्यटनावर जगणाऱ्या किनारी गावांसाठी थेट रक्कम देणे अशक्य नव्हते.

आणि मग पेडण्यात तेजी आली, वेगळ्याच दारातून. मे २०२० पासून दोन वर्षे रेपो दर चार टक्क्यांवर होता. गृहकर्ज स्वस्त, ठेवीवर व्याज नाममात्र, शहरातली नोकरी घरून करता येते. दिल्ली, मुंबई, बंगळूरच्या पैशाला किनारा आणि डोंगरउतार दिसला. मागणी वाढवण्यासाठी देशाला दिलेला डोस पेडण्यात जमिनीच्या भावात चढला. ११ डिसेंबर २०२२ ला मोपाच्या मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले, जानेवारीत विमाने उतरू लागली, पत्रादेवीकडून येणारा महामार्ग रुंद झाला. धारगळला आयुर्वेद संस्था आली. २०२४ मध्ये गोव्यात एक कोटीहून अधिक पर्यटक आले, पण त्यांत विदेशी पाच लाखांहून कमी, २०१९ च्या निम्मे. म्हणजे मोरजीतल्या त्या दोन खोल्यांचे जुने, महिनाभर राहणारे गिऱ्हाईक परत आले नाही. आले ते चार दिवसांचे पाहुणे आणि जमीन घेणारे.

मोपा, वारखंड, कासारवर्णे, चांदेल, उगवे या गावांचे दोन हजार एकरांहून जास्त पठार विमानतळासाठी गेले. मोबदला शेती-कुरणाच्या भावाने मिळाला आणि आजूबाजूची जमीन नंतर सोन्याच्या भावाला गेली, ही तिथली तक्रार रास्त आहे. सरकारी भांडवली खर्चाचा फायदा मोजताना अर्थतज्ज्ञ एक रुपयाने किती रुपये उत्पन्न वाढले ते पाहतात. ते कोणाचे वाढले, हे त्या गुणकात येत नाही. नगरनियोजन कायद्यात २०२३ मध्ये आलेल्या १७(२) कलमाने एकेका भूखंडाचा विभाग बदलण्याची वाट उघडली. त्याखालचे नियम मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २०२५ मध्ये रद्दबातल ठरवले. पेडण्याच्या झोनिंग आराखड्यालाही गावांनी विरोध केला आणि तो मागे घ्यावा लागला. विकासाच्या विरोधात लोक उठले, असा याचा सोपा अर्थ काढला जातो. माझ्या मते लोकांनी डिचोलीकडे पाहिले होते.

कारण व्यवहार तोच आहे. डिचोलीत खनिज एकदाच विकले जाते, पेडण्यात जमीन एकदाच. मिळालेली रक्कम उत्पन्न समजून खर्च झाली की मुद्दल जाते, आणि पुढच्या मंदीत हातात काही राहत नाही. नॉर्वेने १९९० मध्ये कायदा करून तेलाचा पैसा वेगळ्या निधीत ठेवायला सुरुवात केली. तो देशाबाहेर गुंतवतात, म्हणजे तेजीत घरातली महागाई भडकत नाही, आणि दरवर्षी परताव्यापुरता लहान भागच अर्थसंकल्पात घेतात. तेलाचे दर पडले, कोविड आला, तेव्हा त्याच निधीतून त्यांनी खर्च वाढवला, कर्ज न काढता. गोव्याच्या कायमस्वरूपी निधीचे मूळ तत्त्व हेच आहे. अडचण दोन जागी आहे. एक, १० टक्के हा वाटा मुद्दल राखायला फार तोकडा. लिलावात साठ-नव्वद टक्के देऊ करणारे असताना त्यातला बहुतेक पैसा चालू खर्चात जिरवणे चूक आहे. दुसरे, २०१५ च्या कायद्याने आलेला जिल्हा खनिज निधी खाणग्रस्त गावांसाठी आहे, पण गावांना त्यात निर्णयाचा हक्क नाममात्र आहे. शिरगावला झरा परत हवा की सभागृह, हे शिरगावने ठरवले पाहिजे.

बेरोजगारीचे आकडे या सगळ्याची साक्ष देतात. २०२२-२३ च्या श्रमबल पाहणीत देशाचा बेरोजगारी दर ३.२ टक्के होता, गोव्याचा त्याच्या सुमारे तिप्पट. दरडोई उत्पन्नात पहिल्या ओळीतले राज्य आणि बेरोजगारीतही पहिल्या ओळीतले. शिकलेली मुले थांबतात, सरकारी नोकरीची वाट पाहतात. आई-वडिलांनी खाण दोनदा बंद पडलेली आणि हंगाम चारदा बुडालेला पाहिला आहे, त्यामुळे मुलांचा खासगी कामावरचा विश्वास उडाला तर त्यांना दोष कसा द्यावा? नोकरभरतीने हा प्रश्न सुटत नाही, तिजोरीवरचा पगाराचा बोजा तेवढा वाढतो आणि पुढच्या पडझडीत खर्च वाढवायला जागा उरत नाही.

लिलावात दिलेले पट्टे ५० वर्षांचे आहेत. कायमस्वरूपी निधीचा वाटा वाढवण्याचा, त्याची रक्कम गोव्याबाहेर गुंतवण्याचा आणि मंदीच्या वर्षी ट्रकमालकापासून शॅकवाल्यापर्यंत थेट रक्कम देण्याचा नियम आत्ता, माल जात असताना, कायद्यात लिहिता येतो. पेडण्यात जमीन-रूपांतराचे शुल्क आज सर्वसाधारण महसुलात जाते. त्याचा मोठा हिस्सा त्या त्या पंचायतीच्या नावाने निधीत ठेवण्याची तरतूद विधानसभेच्या एका अधिवेशनात होऊ शकते. त्यासाठी दिल्लीची परवानगी लागत नाही आणि बीजिंगच्या दराकडे पाहावे लागत नाही.